'अबाइड बाय' आणि 'पाळणे'

१९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने भारतीय संविधानात नागरिकांची मूलभूत कर्तव्ये आली. अनुच्छेद ५१-क मधील पहिल्याच कर्तव्याच्या इंग्रजी पाठात 'अबाइड बाय' हे क्रियापद आहे. मराठी पाठात त्या जागी 'पालन' आहे. भाषांतर अचूकच आहे. तरीही या दोन शब्दांची कुळे निराळी आहेत.

'अबाइड' प्राचीन इंग्रजीतले. मूळ अर्थ वाट पाहणे, थांबून राहणे. १६११ च्या किंग जेम्स बायबलातले मेंढपाळ रानात 'अबाइड' करतात, म्हणजे नुसता मुक्काम करतात. निवासवाचक 'अबोड' हा त्याचाच नातलग. हेन्री फ्रान्सिस लाइटच्या १८४७ मधील, गांधीजींना प्रिय असलेल्या 'अबाइड विथ मी' या प्रार्थनेतही सोबत थांबण्याचीच विनवणी आहे. 'विथ'च्या जागी 'बाय' आले की ही सोबत वचनाची, कराराची, निवाड्याची होते. (काटेकोर व्याकरणकार याला फ्रेजल नव्हे, प्रीपोझिशनल व्हर्ब म्हणतील, म्हणोत बापडे.) एखाद्या व्यक्तीला आपण 'ओबे' करू शकतो, 'अबाइड बाय' करू शकत नाही, तिच्या निर्णयाला मात्र करू शकतो. आणि तो निर्णय पटलाच पाहिजे असे नाही. विरुद्ध गेला तरी त्याच्यापासून हलायचे नाही, एवढेच या क्रियापदाचे मागणे. खेळाडू पंचाशी मनातल्या मनात भांडत मैदान सोडतो, तेव्हा तो 'अबाइड बाय'च करत असतो.

मराठी 'पाळणे' संस्कृत 'पाल्' धातूतून आले. राखणे, सांभाळणे हा त्याचा अर्थ. आपण गाय पाळतो, व्रत पाळतो, शब्द पाळतो. (शब्दाला 'जागणे' हा आणखी देखणा प्रयोग; इंग्रज थांबतो, मराठी माणूस जागा राहतो.) इंग्रजी क्रियापदात माणूस नियमापाशी उभा असतो, मराठीत नियमच माणसाच्या आश्रयाला असतो, त्याने जपला तर जगतो.

वर्गात हे सांगताना विद्यार्थ्यांना फार आवडते. पण तेथेच थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल, कारण मराठीत सोवळेही 'पाळतात', आणि शिवाशिवही शतकानुशतके 'पाळली'च गेली, तीही मोठ्या निष्ठेने. काय जपले जात आहे, याविषयी हे क्रियापद अवाक्षर काढत नाही. १९५० साली अमलात आलेल्या ज्या संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, त्याच संविधानासाठी पुढे मराठीत 'पालन' हाच शब्द योजला गेला.