मुगरमान म्हणजे काय? आफ्रिकेतून समुद्रमार्गे आलेल्या ढोलाची गोष्ट

वाशिष्ठी नदीच्या मुखावरचं दाभोळ आज लहानसं गाव आहे. पंधराव्या शतकात मात्र ते बहमनी राज्याचं मोठं बंदर होतं. १४७० च्या दशकाच्या सुरुवातीला अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी इथूनच परतीच्या जहाजात बसला. हिंदुस्थान आणि इथिओपिया या दोन्ही किनाऱ्यांवरचे लोक दाभोळला जमतात, अशी नोंद त्याने केली आहे.

अशाच सागरी वाटांनी शतकानुशतकं आफ्रिकी माणसं भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर येत राहिली. कुणी खलाशी, कुणी सैनिक, तर कित्येकांना गुलाम म्हणून आणलं गेलं. त्यांचे वंशज म्हणजे सिद्दी. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर आणि १९४८ पर्यंत राज्य केलेले जंजिऱ्याचे सिद्दी आपल्याला इतिहासाच्या पुस्तकात भेटतात. सामान्य सिद्दी कुठून आले, याचे कागद मात्र फारसे नाहीत. त्याचा एक धागा मुगरमान या ढोलाजवळ सापडतो.

मुगरमान कसा असतो?

हा उंच, लाकडी आणि एकाच तोंडाचा ढोल. वर कातडं ताणलेलं असतं आणि खाली पाय असतात, त्यामुळे तो जमिनीवर उभा राहतो. वादक तो हातांनी वाजवतो. जोडीला मुसिंदो हा लहान ढोल आणि मलुंगा हे भोपळा बांधलेलं, धनुष्यासारखं एकतारी वाद्य असतं. रील्समध्ये दिसणारा जेंबे वेगळा. तो पश्चिम आफ्रिकेतला, मधे निमुळत्या होणाऱ्या पेल्याच्या आकाराचा.

नावावरून काय कळतं?

सिद्दी आपल्या नाच-गाण्याला ‘गोमा’ म्हणतात. पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेत ‘न्गोमा’ म्हणजे ढोल, आणि ढोलावरचा नाचही. ‘हबशी’ या नावामुळे सगळे सिद्दी इथिओपियाचे, असं वाटतं. पण ‘गोमा’ हा शब्द त्याहून दक्षिणेकडच्या टांझानिया-केनियाच्या किनाऱ्याकडे बोट दाखवतो. गुजरातचे सिद्दी आज गुजराती बोलतात. पूर्वजांची भाषा रोजच्या बोलण्यातून गेली, ढोलाभोवतीचे शब्द मात्र टिकले.

आज कुठे ऐकायला मिळतो?

गुजरातमध्ये भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरजवळ बावा गोर यांचा दर्गा आहे. अकीक दगडाच्या व्यापाराशी जोडले गेलेले हे आफ्रिकी संत सिद्दींचे पूर्वज मानले जातात. तिथे मुगरमान भक्तीचा भाग म्हणून वाजतो. गीरजवळच्या जांबूर गावातही सिद्दींची मोठी वस्ती आहे.

पर्यटकांना याच परंपरेचं दुसरं रूप दिसतं, ते म्हणजे ‘सिद्दी धमाल’. मोरपिसं लावलेले नर्तक नारळ उंच उडवतात आणि डोक्यावर झेलून फोडतात. व्हिडिओत नजर त्या नारळावरच खिळते. पुढच्या वेळी मागे वाजणाऱ्या ढोलाकडेही लक्ष द्या.