रात्री कृष्ण, दिवसा राम

रात्रीचे साडेनऊ. सोलकढीची चव अजून जिभेवर आहे आणि श्रावणातला पाऊस कौलांवर ठाण मांडून बसलाय. सावंतवाडीच्या राजवाड्याच्या आवारातल्या जुन्या वास्तूत आता छोटंसं हॉटेल आहे. तिथल्या एका खोलीत तुम्ही पलंगावर मांडी घालून बसला आहात. समोरच्या भिंतीवर माशाच्या तोंडातून अर्धा बाहेर आलेला विष्णू रंगवलाय. मत्स्यावतार.

जुन्या वाड्यांची हॉटेलं तुम्ही पुष्कळ पाहिलीत. दारात घंगाळ, जिन्यात तलवारी, न्हाणीघरात पितळी तोट्या. वाडा कुठलाही असो, सामान तेच. इथे मात्र भिंतीवरच्या माशाचा भाऊबंद तुमच्या पुढ्यातल्या लाकडी डबीत आहे. सरकतं झाकण बाजूला करता. गोल पत्ते घसरून चादरीवर पसरतात. गंजिफा. दशावतारांचे दहा संच, प्रत्येकी बारा पानं, एकूण 120. प्रत्येक अवताराचा एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची पानं. परशुरामाच्या पानांवर परशू, वामनाच्या पानांवर कमंडलू, कूर्माच्या पानांवर कासवं.

संध्याकाळी डबी हातात देताना इथल्या माणसाने एकच नियम सांगितला होता. "दिवसा खेळलात तर रामाचा राजा ज्याच्याकडे, त्याने सुरुवात करायची. रात्री कृष्णाच्या राजाने."

एवढ्या देवांत कृष्णाचा राजा शोधायला वेळ लागतो. सापडतो. तुम्ही तो चादरीवर ठेवता, आणि वीज जाते.

कोकणात पावसाळ्यात वीज जाण्यात नवल काहीच नाही. ती परत येते तेव्हा मात्र उजेड पिवळा, मिणमिणता आहे आणि तुम्ही दरबार हॉलमध्ये उभे आहात. सत्तरच्या दशकाचा आरंभ. संस्थान 1948 मध्येच विलीन झालंय. सिंहासनाला आता काम नाही; काम चाललंय ते खाली, जमिनीवर. पुंडलिक चितारी नावाचा म्हातारा कारागीर पानाच्या कडेवर ब्रश फिरवतोय. गंजिफा करणारे हात आता जवळजवळ उरलेले नाहीत. म्हणून इथले राजे शिवरामराजे आणि बडोद्याहून लग्न होऊन आलेल्या त्यांच्या पत्नी सत्वशीलादेवी त्याच्याकडून ही कला शिकून घेतायत. राजाने चिताऱ्यापुढे शिष्य होऊन बसायचं, हे दृश्य तुम्हाला भिंतीवरच्या कुठल्याही तैलचित्रापेक्षा राजेशाही वाटतं. लाखेचा उग्र वास नाकात शिरतो. तुम्ही वाकून बघायला जाता, तोच दिवा फडफडतो.

आता बापूसाहेब महाराजांची कारकीर्द आहे, 1924 ते 1937 मधलं कुठलं तरी वर्ष. त्यांच्या कारभाराला गांधीजींनी रामराज्य म्हटलं, असं सावंतवाडीत आजही अभिमानाने सांगतात. पण ओट्यावर कंदील ठेवून चौघं जण खेळतायत ते छापील, चौकोनी, बावन्न पानांचे पत्ते. स्वस्त, हलके, भिजले तर टाकून देण्याजोगे. रामाचा राजा कुणाच्या तरी माळ्यावर डबीत पडलाय. इथे तुम्ही थांबत नाही.

पुढचा काळोख लांबतो. उजेड येतो तो समईचा. साल 1785 च्या आगंमागं, तिसऱ्या खेम सावंतांची कारकीर्द. राजवाडा आहे, कारण तो त्यांच्याच काळात उभा राहतोय. समोरचा बांधीव मोती तलाव नाही, तो 1874 चा. खेम सावंतांना दिल्लीच्या बादशहाकडून 'राजे बहादूर' किताब मिळालाय, शिंद्यांची मुलगी घरात आलीय, आणि करवीरकरांशी, पोर्तुगिजांशी लढाया संपता संपत नाहीत. हा खेळ तेलंगणातल्या विद्वान ब्राह्मणांनी याच दरबारात आणला असं म्हणतात. खरंखोटं विचारायला ही वेळ बरी होती. पण दोघं जण बैठकीवर तिसऱ्याचीच वाट पाहत बसलेत.

"बसा," पागोटंवाला म्हणतो. "तिघांशिवाय डाव नाही."

चाळीस पानं तुमच्या हातात येतात. ती जड आहेत. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकमेकांना चिकटवलेले, वर खडूचा लेप, मग घोटून घोटून केलेली गुळगुळीत पाठ आणि शेवटी लाख. कृष्णाचा राजा पागोटंवाल्याकडे आहे. तो पान उतरतो. इथे हुकूम नाही, त्यामुळे नशिबावर भिस्त ठेवता येत नाही. कोणतं पान पडलं आणि कोणतं अजून कुणाच्या मुठीत आहे, एवढं ध्यानात ठेवायचं. त्यातही खोच अशी की निम्म्या अवतारांत दश्शी मोठी, उरलेल्यांत एक्का मोठा. सवयीने तुम्ही एका अवताराची दश्शी ऐटीत टाकता. समोरचा शांतपणे त्याच अवताराचा एक्का तिच्यावर ठेवतो आणि हात उचलतो.

"पाहुण्यांची दश्शी बुडाली," पागोटंवाला हसतो.

एकामागून एक हात जातात. कोणता वराह पडला, कोणता नाही, तुम्हाला आठवत नाही. त्या दोघांना प्रत्येक पान आठवतंय. समईतलं तेल खाली जातं, पाऊस थांबतो, कुठे तरी कोंबडा आरवतो. पागोटंवाला पानं गोळा करून पिसतो, वाटतो, आणि खिडकीकडे बघतो.

"उजाडलं की हो. आता राम."

डोळे उघडता तेव्हा पंखा सुरू झालेला असतो. दारावर टकटक, ट्रेमध्ये घावणे, खोबऱ्याची चटणी, चहा. चादरीवर 119 पानं अस्ताव्यस्त आणि मधोमध रात्री ठेवलेला कृष्णाचा राजा. ट्रे घेऊन आलेला मुलगा पानांकडे बघतो, मग घड्याळाकडे.

"एक डाव टाकूया? पण तिसरा लागेल. मी खालून कोणाला तरी बोलावतो."

तुम्ही कृष्ण उचलून बाजूला ठेवता आणि रामाचा राजा शोधू लागता.