लिफ्ट किती, टायर केवढा? नाणेघाटापासून थारपर्यंतची गोष्ट

आजचा भाग गाडीवाल्यांचा आहे, पण सुरुवात बैलापासून करतोय. जरा धीर धरा, थारपर्यंत पोचणार आहोत.

मुरबाड तालुक्यात वैशाखरे नावाचं गाव आहे, नाणेघाटाच्या पायथ्याला. सातवाहनांच्या काळात, म्हणजे साधारण दोन हजार वर्षांपूर्वी, कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेला माल याच वाटेने जुन्नरकडे चढायचा. जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आजही वर आहे. तुम्ही ही वाट चढला असाल तर एक गोष्ट जाणवली असेल. इथे चाक चालूच शकत नाही. माल जायचा जनावरांच्या पाठीवरून. म्हणजे आपल्या भागातला पहिला ऑफ-रोड निर्णय काय होता? चाकच नको! आधी वाट बघायची आणि मग वाहन ठरवायचं. आज आपण बरोबर उलटं करतो. आधी इन्स्टावर गाडी बघतो, मग तिच्यासाठी वाट शोधत फिरतो.

घाटाखाली, भातखाचरांच्या पट्ट्यात, बैलगाडी होती. लाकडी आरे, वरून लोखंडी धाव आणि चांगलं कमरेच्या वर येणारं चाक. एवढं उंच कशाला? लहान चाक खड्ड्यात पडतं, मोठं चाक खड्ड्यावरून निघून जातं. ट्रॉली बॅगचं चाक आणि सायकलचं चाक एकाच फटीवरून नेऊन बघा. शिवाय चाक उंच म्हणजे आख उंच, आणि आख उंच म्हणजे बांध ओलांडताना गाडी पोटावर बसत नाही. म्हशाच्या यात्रेला गाड्या जुंपून जाणाऱ्या माणसाला 'ग्राउंड क्लिअरन्स' हा शब्द माहीत नव्हता, पण गणित माहीत होतं. हे आखाचं गणित लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता जीप. १९४० मध्ये अमेरिकन लष्कराने छोटी चारही चाकं ओढणारी गाडी मागितली. गंमत म्हणजे त्यांना ती उंच नको होती, बुटकी हवी होती! काच पाडल्यावर उंची ३६ इंच, असा सुरुवातीचा आग्रह होता, कारण उंच गाडी शत्रूला लांबून दिसते. पुढे विलीज आणि फोर्डने मिळून अशा सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. टायर ६.००-१६, म्हणजे सहा इंच रुंद आणि उंचीला साधारण २८-२९ इंच. अरुंद पण उंच. आणि कमानपाटे आखाच्या खालून बांधलेले, म्हणजे अंग जमिनीजवळ. ज्या गाडीवरून अख्खा ऑफ-रोडचा खेळ सुरू झाला, तिला लिफ्ट नव्हती. तिच्याकडे होता हलकेपणा.

हीच जीप स्वातंत्र्याच्या आसपास मुंबईत आली. महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मुहम्मद यांनी १९४५ मध्ये कंपनी काढली होती, महिंद्रा अँड मोहम्मद. फाळणीनंतर गुलाम मुहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये इथे नाव पडलं महिंद्रा अँड महिंद्रा. माझगावला विलीजच्या सुट्या भागांपासून जीप जोडल्या जायला लागल्या. पुढे एमएम ५४०, मग कमांडर, आणि जीप साहेबाच्या हातातून गावाच्या हातात आली.

आणि इथे आपल्याकडची खरी लिफ्ट सुरू होते. हौसेची नाही हं, ओझ्याची! आत माणसं, मागे लटकलेली माणसं, टपावर भाजीच्या पाट्या. पाटे बसायचे, गाडी मागून लोळायची. मग गॅरेजवाला एखादा पाटा वाढवायचा. भरलेली गाडी सरळ उभी राहायची, पण रिकामी गाडी उंच आणि टणक व्हायची, प्रत्येक खड्ड्याला उडायची. आजही जाड स्प्रिंग घालणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. स्प्रिंग किती जाड, हे गाडीत कायमचं वजन किती आहे यावरून ठरतं.

आता थार. पहिली २०१० मध्ये आली, नवी २ ऑक्टोबर २०२० ला, आणि बनते नाशिकला, म्हणजे शहापूरकरांसाठी कसारा घाट चढला की पलीकडेच. नवीचा ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिलिमीटर. एक टायर पर्याय २४५/७५ आर १६. हिशोब करू. २४५ चे ७५ टक्के म्हणजे १८४, वर-खाली दोनदा धरून ३६७, त्यात १६ इंचाची रिम म्हणजे ४०६. झाले ७७४ मिलिमीटर, साडेतीस इंच.

समजा तुम्ही दोन इंचाची लिफ्ट घातली. मागच्या आखाचा तो गोळा, डिफरन्शियल, किती वर गेला? शून्य! तो चाकांच्या मध्येच बसलाय, वर गेली फक्त बॉडी. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, तिथला गोळा बॉडीबरोबर वर जातो, पण मग चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टचे सांधे तिरके होतात आणि लवकर झिजतात. मागचा गोळा उचलायचा तर उपाय बैलगाडीचाच, मोठं चाक. ३३ इंची टायर घातला तर व्यास अडीच इंच वाढला आणि गोळा त्याच्या निम्मा, सव्वा इंच वर गेला. तो टायर वळताना आत घासू नये म्हणून मग साधारण दोन इंच लिफ्ट. माझं मत सरळ आहे: आधी टायर ठरवा, आणि तो मावेल तेवढीच लिफ्ट करा.

रुंदीचं काय? वाळूत रुंद टायर बरा, तो वर तरंगतो. पण आपल्याकडे पावसाळी कच्च्या रस्त्यावर बऱ्याचदा वर वीतभर चिखल आणि खाली मुरूम किंवा काळा दगड असतो. तिथे अरुंद टायर चिखल कापून खाली पकड घेतो. त्या ६.००-१६ ला म्हणूनच अजून मान आहे.

आता किंमत, आणि मी पैशांबद्दल बोलत नाहीये. समजा डाव्या-उजव्या चाकांत दीड मीटर अंतर आहे आणि गाडीच्या वजनाचा मध्य जमिनीपासून ७५ सेंटीमीटरवर. तो तीन इंच वर नेला की गाडी कलंडायला लागणारा आडवा जोर सुमारे ९ टक्क्यांनी कमी होतो. माळशेजच्या ओल्या वळणावर, आत चार माणसं असताना, हे ९ टक्के फार असतात. शिवाय ३३ इंची टायरवर काटा ६० दाखवतो तेव्हा खरा वेग ६५ असतो, आणि ब्रेक मात्र जुनेच.

पाण्याचंही तसंच. कंपनी थारला ६५० मिलिमीटर पाणी चालेल म्हणते. काळू किंवा भातशाच्या फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर हा आकडा विसरा. मोठ्या टायरमध्ये हवा जास्त, म्हणजे गाडी उचलली जायला मदतच. उंच गाडीतला ड्रायव्हर पाण्यात जास्त धिटाईने शिरतो, ही मला सगळ्यात मोठी भीती वाटते.

कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: आरसी बुकातल्या मूळ नोंदींशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठणकावलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड आला. आणि तानसा अभयारण्यात किंवा भीमाशंकरच्या जंगलात गाडी घालायची तर टायर कितीही मोठा असो, वनखात्याची परवानगी लागते.

हे सगळं ऐकूनही मोठे टायर घालणारच असाल, तर पाच घ्या, चार नाही. स्टेपनी जुन्या मापाची राहिली तर चिखलात एका बाजूला साडेतीस आणि दुसऱ्या बाजूला तेहतीस, आणि मधल्या गिअरचं भरीत. आणि जॅकही तपासा. लिफ्ट केलेल्या गाडीला जुना जॅक बऱ्याचदा पुरत नाही. हे कळतं ते रात्री आठला, पाऊस चालू असताना, आणि मोबाईलला रेंज नसताना.