चातुमहापथ ते चैत्यभूमी

धर्म ही ज्याची त्याची खाजगी बाब असून सार्वजनिक जीवनात तिला स्थान नसावे, असे मत सुशिक्षित वर्गात वारंवार मांडले जाते. ६ डिसेंबरला दादरला लोटणाऱ्या जनसागराविषयी नाराजी व्यक्त करणारेही याच मताचा आधार घेतात. पाली वाङ्मय आणि मुंबईचा इतिहास यांच्या प्रकाशात हे मत तपासून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

दीघनिकायातील महापरिनिब्बानसुत्तात आनंद तथागतांना विचारतात की, आपल्या देहावर कोणते संस्कार करावेत? चक्रवर्ती राजाप्रमाणे संस्कार करून चातुमहापथावर, म्हणजे चार हमरस्ते मिळतात त्या ठिकाणी, स्तूप उभारावा, असे उत्तर मिळते. तेथे जो फुले वाहील, वंदन करील वा ज्याचे चित्त प्रसन्न होईल, त्याचे दीर्घकाळ हित होईल, असेही सांगितले आहे. यात कुळाची वा जातीची अट नाही. गाभारा नाही, म्हणून उंबरठा नाही. उंबरठा नाही, म्हणून अडविणाराही नाही. 'सार्वजनिक' या शब्दाचा बौद्ध अर्थ आम्ही हाच मानतो.

मुंबईत हा शब्द धर्माला चिकटला तो वेगळ्या वाटेने. गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. परंतु उत्सव सर्वांचा झाला म्हणून पूजेचा अधिकार सर्वांचा झाला नाही. दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात अस्पृश्यांना तो मिळावा म्हणून प्रबोधनकार ठाकरे यांना १९२०च्या दशकात झगडावे लागले. सार्वजनिक कोणते, हा प्रश्न जागेचा नसून हक्काचा होता.

त्याच गिरगावात, चर्नी रोडच्या बागेत, कृष्णराव अर्जुन केळुसकर यांना अभ्यास करीत बसलेला विद्यार्थी भीमराव भेटला. पुढे त्याच्या सत्कारसभेत गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. धम्माची पहिली ओळख बाबासाहेबांना कोणत्याही मंदिरात झाली नाही. ती बाग, ग्रंथ आणि सभा यांच्याद्वारे झाली.

पुढचा टप्पा गिरणगावाचा. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना झाली आणि परळच्या दामोदर हॉलमधून तिचे कार्य चालू झाले. १९३६च्या मे महिन्यात नायगाव येथील परिषदेत बाबासाहेबांनी धर्मांतराची मीमांसा केली. पाठोपाठ १९३७ साली धर्मानंद कोसंबी यांनी परळच्या कामगार वस्तीत बहुजन विहार स्थापन केला. या नावामागे विनयपिटकातील महावग्गाचा संदर्भ आहे. बहुजनांच्या हितासाठी व सुखासाठी संचार करा, असा आदेश तथागतांनी तेथे भिक्षूंना दिला आहे. श्रीलंकेत भिक्षुदीक्षा घेतलेल्या या गोमंतकीय पंडिताने विहारासाठी गिरणी कामगारांची वस्ती निवडली, हे अर्थपूर्ण होय.

२४ मे १९५६ रोजी परळच्या नरे पार्कवर, बुद्धजयंतीच्या सभेत, बाबासाहेबांनी ऑक्टोबरमध्ये बौद्ध धम्म स्वीकारण्याचा निर्धार जाहीर केला. नागपूरच्या दीक्षेनंतर मुंबईचा दीक्षा समारंभ १६ डिसेंबरला व्हावयाचा होता. तत्पूर्वीच ७ डिसेंबरला दादरच्या समुद्रकिनारी त्यांच्या पार्थिवावर अंत्यसंस्कार झाले. भदंत आनंद कौसल्यायन यांच्या उपस्थितीत त्याच ठिकाणी प्रचंड समुदायाने धम्मदीक्षा घेतली. ज्या समाजात स्मशान अशुभ मानले जाते, त्या समाजातील सर्वांत उपेक्षितांनी आपल्या नव्या जीवनाचा आरंभ चितेसमोर केला. १९७१ साली तेथे स्तूप उभा राहिला. चातुमहापथाची आज्ञा अशी अरबी समुद्राच्या काठी साकार झाली.

म्हणून ६ डिसेंबरच्या समुदायाला केवळ गर्दी म्हणणे हे अज्ञान होय. येथे नवस नाही, प्रसादाची लालूच नाही. शिवाजी पार्कवर सर्वांत मोठी उलाढाल असते ती ग्रंथांची. खेड्यापाड्यांतून आलेला उपासक परतताना पुस्तक घेऊन जातो. केळुसकर गुरुजींची ती भेट आजही हस्तांतरित होत आहे.

तथापि इतरांचे अज्ञान दाखवून आपली जबाबदारी संपत नाही. १९८२च्या संपानंतर गिरणगाव विस्कटले. नायगाव, ना. म. जोशी मार्ग व वरळी येथील बी.डी.डी. चाळींच्या जागी मनोरे उभे राहत आहेत. चाळीच्या आवारातील विहार रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही खुला होता. उद्या तो फाटकाआड, पहारेकऱ्याच्या परवानगीने पाहावयाचा असेल, तर नवा उंबरठा आपणच बांधल्यासारखे होईल. पुनर्विकासाच्या बैठकीत चौरस फुटांइतक्याच आग्रहाने विहाराचे दार कोणत्या बाजूस उघडणार, हे विचारले गेले पाहिजे.

दार उघडे असूनही आत काही चालत नसेल, तर तेही व्यर्थच. वज्जींच्या अभ्युदयाचे पहिले कारण तथागतांनी सांगितले ते वारंवार एकत्र जमण्याचे. वर्षातून एकदा जमण्याचे नव्हे. २०२४ साली मराठीबरोबरच पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. शासन दर्जा देऊ शकते. वाचक देऊ शकत नाही. प्रत्येक विहारात आठवड्यातून एक तास एखादे सुत्त अर्थासह वाचले जावे, शेजारच्या कोणत्याही धर्माच्या माणसाला तेथे बसता यावे, त्याला प्रश्न विचारता यावा. धम्माचे सार्वजनिक जीवनातील स्थान त्या एका तासात सिद्ध होईल.