अल्पवयीनांना अपायकारक संकेतस्थळे आणि दिवाणी दायित्व

एखाद्या संकेतस्थळावरील मजकुरामुळे अल्पवयीन मुलाची हानी झाली, तर संकेतस्थळाच्या चालकाकडून नुकसानभरपाई मागता येते काय, हा दिवाणी दायित्वाचा प्रश्न होय. गुन्हेगारास शिक्षा करणे हा फौजदारी कायद्याचा विषय आहे, तर हानीची भरपाई पीडिताच्या हाती पडणे हा दिवाणी कायद्याचा. पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवली की दोन्ही साधले, असा पालकांचा बहुधा समज असतो.

महाराष्ट्रात हा विषय २००१ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. नागरिकांच्या पत्राची स्वतःहून दखल घेऊन न्यायालयाने समिती नेमली व तिने जानेवारी २००२ मध्ये अहवाल सादर केला. त्या काळी मुले सायबर कॅफेत जात. म्हणून शिफारशीही कॅफेचालकांना उद्देशून होत्या. ग्राहकाचे छायाचित्र असलेले ओळखपत्र पाहावे, वापराच्या नोंदी ठेवाव्यात आणि अल्पवयीनांना आडोशाच्या कप्प्यात न बसवता सर्वांच्या नजरेसमोरील संगणकच द्यावा, असे समितीने सुचविले. आज तो आडोसा मुलाच्या हातातील मोबाईलमध्येच आहे आणि कॅफेवाल्यावर टाकलेली जबाबदारी आता कोणाची, याचे उत्तर कायद्याने अर्धवटच दिले आहे.

डिसेंबर २००४ मध्ये 'बाझी डॉट कॉम'वर शाळकरी मुलांची चित्रफीत त्रयस्थाने विक्रीस ठेवल्याबद्दल कंपनीच्या प्रमुखास दिल्लीत अटक झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली त्यांच्याविरुद्धची कार्यवाही रद्द केली. दरम्यान माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये दुरुस्ती होऊन ती २७ ऑक्टोबर २००९ पासून अंमलात आली. तिच्या कलम ६७-ख ने बालकांचे अश्लील चित्रण हा स्वतंत्र गुन्हा ठरविला. कलम ७९ ने मात्र इतरांचा मजकूर केवळ वाहून नेणाऱ्या 'मध्यस्थां'ना सावधगिरीच्या अटीवर संरक्षण दिले. हे संरक्षण बिनशर्त नाही. बालकांच्या लैंगिक शोषणाचे साहित्य हटवून पोलिसांना न कळविणाऱ्या मध्यस्थास ते मिळणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ रोजी स्पष्ट केले.

भरपाईचे काय? अपायकारक मजकूर मुलाच्या दृष्टीस पडला एवढ्याच कारणासाठी दावा लावण्याची खास तरतूद भारतात नाही. अमेरिकेतील लुईझियाना राज्यात ती आहे. तेथे १ जानेवारी २०२३ पासून, ज्या संकेतस्थळाचा एक-तृतीयांशाहून अधिक मजकूर अल्पवयीनांस अपायकारक आहे, त्याने वय न तपासल्यास त्याच्याविरुद्ध भरपाईचा दावा करता येतो. टेक्ससचा अशाच धर्तीचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २७ जून २०२५ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी वैध ठरविला.

आपल्याकडील वाटा अरुंद आहेत. मुलीच्या फोनमधून वा खात्यातून परवानगीविना छायाचित्रे काढून घेतली गेली असतील, तर कलम ४३ खाली पाच कोटी रुपयांपर्यंतचा दावा राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे चालतो. नागपूरकरांना त्यासाठी मुंबई गाठणे आले. पॉक्सो कायद्याखालील विशेष न्यायालय खटला चालू असतानाही अंतरिम भरपाई देववू शकते आणि ती राज्य शासनाने आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत द्यावयाची असते. ही वाट पुष्कळ पालकांना ठाऊकच नसते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात बालकांसंबंधीच्या कर्तव्यभंगास दोनशे कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे; पण ती रक्कम भारताच्या संचित निधीत जाते, मुलाकडे नव्हे.

दिवाणी न्यायालयात अल्पवयीनाच्या वतीने पालक 'वादमित्र' म्हणून दावा दाखल करतात. तसे न झाल्यास दाव्याची मुदत मूल अठरा वर्षांचे झाल्यावर मोजली जाते.

पुराव्याबाबत एक खबरदारी घ्यावी. संकेतस्थळाचा पत्ता, दिनांक व वेळ लिहून ठेवावी. मात्र चित्रफीत उतरवून घेऊ नये व कोणास पाठवू नये, कारण पुरावा म्हणून का होईना, असे साहित्य बाळगणारा स्वतःच अडचणीत येऊ शकतो. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न देताही करता येते. पॉक्सोच्या कलम १९ नुसार असा गुन्हा ठाऊक झालेल्या प्रत्येकाने तो पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे. शिक्षक, धर्मशिक्षक वा धर्मगुरू यांना त्यातून वगळलेले नाही.