जुना लॅपटॉप तापतोय? पंखा बिघडला की सेन्सर, असं ओळखा

कबनूर-इचलकरंजीच्या यंत्रमाग पट्ट्यात लॅपटॉप तापला की पहिला संशय कापसाच्या तंतूंवर घ्यावा. हीटसिंकच्या फटींत त्यांचा थर बसतो. पंखा घरघरतो, पण गरम हवा बाहेर पडत नाही. कॉम्प्रेसरने फुंकायचं असेल तर पंख्याचं पातं धरून ठेवा, नाहीतर अतिवेगाने बेअरिंग जातं.

आता सेन्सर. रात्रभर बंद असलेला लॅपटॉप सुरू करून तापमान पाहा. आकडा खोलीपेक्षा कमी, शून्य किंवा काम वाढवूनही जागचा न हलणारा असेल, तर सेन्सरवर शंका घ्या. मात्र प्रोसेसरचा सेन्सर चिपच्या आतच असतो, तो क्वचितच बिघडतो. काही सेकंदांत ९० अंश? बहुधा थर्मल पेस्ट सुकलीय.

तापमान चढतंय आणि पंखा गप्प, तर पंखा किंवा त्याचा कनेक्टर तपासा. पंखा फिरतोय, पण वेग शून्य दिसतोय, तर वेग कळवणारी वायर बघा. तेवढ्यावरूनही काही लॅपटॉप 'फॅन एरर' दाखवून बंद होतात.