घोरणं, हवा आणि दहा सेंटीमीटर पाणी

मंडळी, आपल्याकडे कुणी घोरत असलं की म्हणतात, बघा किती गाढ झोपलाय! आमच्या काकाजींबद्दलही आम्ही वर्षानुवर्षं हेच म्हणत आलो. घोरता घोरता आवाज एकदम बंद, मग दचकून मोठा श्वास. दिवसा पेपर हातात धरूनच डुलकी. नागपूरला तपासणी झाली तेव्हा कळलं, हा स्लीप ॲप्निया. झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो.

१९८० पर्यंत यावर खात्रीचा इलाज म्हणजे गळ्याला भोक पाडणं. त्या वर्षी जूनमध्ये ऑस्ट्रेलियातल्या सिडनीत एक रुग्ण त्याला तयार होईना. डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी मग त्याच्या नाकावाटे पंपाने हवा सोडली. दाब हळूहळू वाढवला, श्वास मोकळा झाला. कमी केला, पुन्हा अडला. म्हणजे पहिल्या रात्रीपासून सगळा खेळ दाबाचाच! एप्रिल १९८१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये पाच रुग्णांची हकीकत छापून आली. दाब होता ४.५ ते १० सेंटीमीटर पाण्याइतका. ग्लासात स्ट्रॉ दहा सेंटीमीटर बुडवून बुडबुडे काढायला लागते ना, तेवढी फुंकर. बस.

पुढे रात्रभर रुग्णाजवळ बसून दाब ठरवायची पद्धत आली, १९९०च्या दशकात स्वतःच दाब बदलणारी यंत्रं आली.

हा मोठ्या माणसांचा आजार, असं मलाही वाटायचं. बप्पी लाहिरी २०२२ मध्ये मुंबईत गेले, तेव्हा बातमीत हेच नाव होतं. पण मुंबईच्याच हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मध्यमवयीन पुरुषांची पाहणी छापली होती. शंभरात साडेसात जणांना हा त्रास निघाला.

काकाजींचं यंत्र विकणाऱ्याने ४ ते २० वरच ठेवून हाती दिलं. सुरुवातीच्या ४ वर त्यांचा जीव गुदमरायचा. मध्यरात्री दाब चढला की मास्कमधून हवा सुटायची, पोट फुगायचं. दोन महिने हजारो रुपयांचं यंत्र कपाटावर धूळ खात पडलं! शेवटी डॉक्टरांनी यंत्रातली रात्रीची नोंद पाहून खालचा आकडा ७ केला, वरचा १२, मास्कही बदलला. (हे आकडे काकाजींचे. पाहून आपल्या यंत्राची बटणं दाबू नका, प्रत्येकाचा घसा वेगळा.)

आता काकू तक्रार करतात. घरात आवाजच नाही, म्हणून त्याच रात्री दोनदा उठून काकाजींचा श्वास चालू आहे का ते पाहतात.